आ कर, गुरप्पा

सोमवार, ७ जानेवारी १९७४

खुर्ची दिली म्हणून मी बसतो असं न्हाय. गुडघा दुखतो म्हणून बसतो. साचेखात्यात मागांम्होरं हुबं राहून जन्म गेला, गुडघा दुखणारच की. खुर्चीची हौस असती तर कवाच युनियनमदी गेलो असतो.

सुपरवायझर झालो त्येचं बी तसंच. मागायला गेलो नव्हतो. आदीचा सुपरवायझर सोडून गेला आन विव्हिंग मास्तर म्हणले, "सिद्धाराम, जॉबर म्हणून लई झालं, आता खातंच सांभाळ." सहा महिने बगणार आन मग कायम करणार. बगा म्हणलं. माग चालतो का न्हाय ते बगायला तुमाला सहा महिने लागत्यात, मला आवाजावरनं कळतंय.

पर त्येच्यासंगं ह्यो क्लास गळ्यात मारला. सोमवारी आन गुरुवारी, पयली पाळी सुटली की कँटीनच्या माडीवर. सहा जण हाओत, समदे नवे सुपरवायझर. शिकवणारा पुण्याचा, घैसास म्हणून. माझ्या थोरल्या पोरापेक्षा ल्हान. आल्या आल्या फळ्यावर लिवलं, 'माणूस म्हणजे यंत्र नव्हे.' कांजीखात्याचा लालसाब माझ्या शेजारी बसला व्हता. हळूच म्हणला, "बरोबर है अन्ना. मशिनीला तेल देत्यात. हमना कौन देता?"

मी हसलो न्हाय. हसलो की क्लास लांबतो.

घैसास म्हणला, रोज जे झालं ते घरी दोन ओळीत लिवा. कुणाला दाखवू नका, मला बी नको. चौथी शिकलोय, लिवता येतंय. म्हणून लिवतोय. दुसरं काय कारण न्हाय.

गुरुवार, १० जानेवारी

आज धडा असा की चूक झाली तर आदी कारण शोधा, मग बोला. चांगलं केलं तर चारचौघांत सांगा, वाईट केलं तर एकट्यात. म्या विचारलं, "सायेब, साचेखात्यात कधी आलाव का? तितं शेजारच्याला हाक मारली तर ऐकू येत न्हाय. समदं हाताच्या खुणंनं चालतंय. चारचौघांत बोललो काय, एकट्यात बोललो काय, ऐकणार कोण?"

घैसास म्हणला, "ऐकू येत नसलं तरी दिसतं ना, सिद्धाराम." पुणेरी उत्तर.

मग म्हणला, परतेकानं आपल्या खात्यातला एक अडचणीचा माणूस धरायचा. दोन महिन्यांत त्येला सुधारायचा. शेवटच्या क्लासला मिलचे मोठे सायेब येणार, त्येंच्याम्होरं सांगायचं. मला विचार करायची गरज पडली न्हाय. गुरप्पा.

गुरप्पा आमच्याच जातीचा, वैरागकडनं आलेला. बदलीवर हाय, कुणी गैरहजर असला की त्येची जोडी चालवतो. आता दोन-तीन म्हैने एकच जोडी त्येच्याकडं हाय, म्हणजे दोन साचे. अकरा वर्सं झाली तरी कायमचं तिकीट न्हाय. एप्रिलात बदल्यांची यादी लागणार हाय, नऊ जण कायम हुणार. गुरप्पाचा नंबर त्यात बसतोय. मधी लांब रजा घेतली की नाव तळाला. ह्या साली कोण रजा घेत न्हाय, पोरीचं लगीन असलं तरी.

त्येची अडचण अशी की त्येच्या जोडीवर इणलेल्या धोतरावर लाल ठिपके येत्यात. घडीखात्यानं तीनदा तागा परत पाठवला. ठिपके कशाचे ते आंधळ्याला बी कळंल. आमच्यात धोट्याच्या भोकातनं सूत तोंडानं वढून घ्यावं लागतं. कांडी बदलली की धोटा व्हटाला लावायचा आन एक झुरका. दिवसातनं शेकडो बार. तोंडात पान असलं की लाळ सुताला लागती, सुताची धोतराला. पान खायचं आन वर धोटा चुंबायचा, असा बेशरम माणूस.

मास्तरांना सांगिटलं, गुरप्पाला धरतो. मास्तर म्हणले, धर.

गुरुवार, १७ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेमुळं दोन दिवस खातं अर्धंच व्हतं. गुरप्पा मातर रोज हजर. लबाड माणूस हजेरी चुकवत न्हाय.

त्येला खुणंनं बोलवलं, बोट व्हटाला लावून विचारलं, पान? त्येनं मान हलवली, न्हाय. म्या धोतरावरचा डाग दाखवला. त्येनं डागाकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, आन हळूच मान खाली घातली. कबूलच की ते.

त्येच्या खांद्यावर टावेल असतोय. घडीघडी तोंडाला लावतो. वढून बगितला तर त्येच्यावर बी लाल. म्हणजे तोंडातलं पान टावेलात लपवायची युगत. टावेल काढून घेतला. खात्यात आता त्येनं टावेल आणायचा न्हाय.

कारण शोधा म्हणला व्हता घैसास. सापडलं.

मंगळवार, २२ जानेवारी

टावेल घेतल्यावर ठिपके वाढले. म्हणजे पानाचा जोर वाढलाय.

म्हणून नवीन काढलं. पाळीचा भोंगा झाला की पट्टा फिरायच्या आदी गुरप्पानं समद्यांम्होरं हुबं राहायचं. डब्यातलं पाणी तोंडात घ्यायचं, चूळ भरायची, बादलीत थुंकायचं. मग आ करायचा. मी सोता बगणार. साचे बंद असत्यात तवा आवाज ऐकू येतो, म्हणून म्या मुद्दाम मोठ्यानं म्हणतो, "आ कर, गुरप्पा."

पोरं हसत्यात. आज दोन-चार जणांनी सुरात म्हणलं, "आ कर, गुरप्पा!" शरणप्पा दुसऱ्या पाळीत हीच जोडी चालवतो, त्यो बी गंमत बगाय मुद्दाम सकाळीच आला व्हता. म्हणला, "अण्णा, दात मोजून घ्या, संध्याकाळी कमी आलं तर मला इचारशिला."

समदे हसले. गुरप्पा बी हसला. हसताना तोंड उगडं ठेवायचं विसरला न्हाय, एवढं मातर खरं.

पाणी लाल आलं न्हाय. म्हणजे पान नंतर खातो. मधी पाणी प्यायला जायचं बंद केलं त्येचं. जोडी सोडून हलायचं न्हाय.

सोमवार, २८ जानेवारी

क्लासमदी म्या सांगिटलं काय काय केलं ते. चूळ भरायचं ऐकून घैसासचं तोंड जरा कसंतरी झालं. म्हणला, "सिद्धाराम, हे चारचौघांत होतंय." म्या म्हणलं, "सायेब, त्येला कोण शिव्या देत न्हाय. पोरं हसत्यात, तो बी हसतो. खात्यात वातावरण चांगलं झालंय." घैसासनं फळ्यावर 'वातावरण' लिवलं आन म्होरं गेला. सव्वा चारला त्येची मोटर येती.

खाली उतरताना लालसाब म्हणला, "अन्ना, एक बात बोलू? पान खानेवाल्याचे होटां लाल रैते. तुमच्या गुरप्पाचे होटां कागद सरीके सफेद हैं."

"चुना जास्ती लावत असंल."

लालसाब दोन पायऱ्या उतरला. "हौ," म्हणला. "चुनाच असंल."

दागी धोतरातलं एक फेटाळलेलं तुकडं घरी आणलं व्हतं, पोतेऱ्याला. नागव्वानं गार पाण्यात भिजवलं आन मला हाक मारली, "री, हितं बगा. डाग निघून गेला की समदा. पानाचा डाग असा जातो व्हय? तुमच्या सदऱ्यावरचा शरणप्पाच्या लग्नातला अजून गेला न्हाय."

म्या म्हणलं, "मिलचं सूत चांगलं हाय." ती अजून कायतरी म्हणणार व्हती. "सुम्मनिरू," म्हणलं. गप बस. बायका डाग बगत्यात, डाग कुणी पाडला ते बगत न्हाईत.

बुधवार, ६ फेब्रुवारी

गुरप्पाची बायको रत्नम्मा घरी आली. भवानी पेठेतलं घर तिला कुणी सांगिटलं कुणास ठावूक. बिड्या वळती, बोटं पिवळी झालेली. दारातच बसली, आत ये म्हणलं तरी आली न्हाय. नागव्वानं च्या दिला तर कप घेतला न्हाय, म्हणली, "माझं भांडं हाय," आन पिशवीतनं पितळी काढली. गावंढळ बाई.

"अण्णा," म्हणली, "तेवढा टावेल त्येंना परत द्या."

"कशाला? पान पुसायला?"

तिनं पितळी खाली ठेवली. मग म्हणली, "व्हय. पान पुसायला."

बगा. घरची बी कबूल झाली.

म्या म्हणलं, "टावेल मिळणार न्हाय. आन त्येला बरं बिरं नसंल तर सांग, रजा टाकू दे. मी अडवत न्हाय."

रजा म्हणल्यावर तिनं माझे पाय धरले. "नको नको, अण्णा! रजा नको. त्येंना काय झालं न्हाय. तेवढी यादी लागू द्या. तिकीट झालं की मीच त्येंना गावाकडं नेती, दोन म्हैने नेती, पान समदं सुटंल. तवर सांभाळून घ्या. तुमच्या एका सहीवर हाय समदं."

म्या म्हणलं, "सही करीन. पर आदी सुधारला पायजे."

"सुधारतील की," म्हणली. "मी सांगती त्येंना."

आजारी म्हणायचं न्हाय, रजा नको म्हणायचं, आन रडायचं. ह्यातलं खरं काय ते माझ्यासारख्या माणसाला कळतंय. घैसासला कळलं नसतं, त्येनं टावेल देऊन टाकला असता.

सोमवार, ११ फेब्रुवारी

बदल्यांना धोटा कसा भरायचा ते दाखवायचं व्हतं. गुरुवारच्या क्लासमदी 'काम करून दाखवा' धडा झाला म्हणून गुरप्पाच्याच जोडीवर उतरलो. त्येच्या हातातला धोटा घेतला, व्हटाला लावला, झर्रदिशी सूत वढलं. तीन बार वढलं, तीन्ही बार एका झुरक्यात. मग हातावर थुंकून समद्यांना दाखवलं. पांढरी. खूण केली, अशी पायजे थुंकी.

गुरप्पा धोटा माझ्या हातातनं घ्यायला बगत व्हता. दोनदा हात म्होरं केला. मला करू देत नव्हता. कमीपणा वाटला असंल. म्या ढकललं त्येला.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

काल शिवरात्र व्हती. निम्म्या खात्याला उपास. म्या बी तंबाखू सोडली व्हती कालच्यापुरती.

आन दुपारी गुरप्पाच्या साच्यावर रुपयाएवढा डाग! शिवरात्रीला! माझं डोस्कंच फिरलं. लिंगायताच्या पोटी जन्मून उपासाला पान?

तरी म्या धडा विसरलो न्हाय. एकट्यात बोला. त्येला सुताच्या खोलीत नेला, दार लावलं. तितं आवाज जरा कमी येतो.

"खाल्लंस का न्हाय?"

त्येनं लावलेल्या दाराकडं बगितलं.

"काढ गळ्यातलं लिंग."

त्येनं सदऱ्यातनं लिंग काढलं. लिंग ठेवायची चांदीची करंडी, चेपलेली, बापाची असणार.

"हात ठेव त्येच्यावर. पान खाल्लं म्हण न्हायतर खाल्लं न्हाय म्हण. खाल्लं न्हाय म्हणलास तर मी इश्वास ठेवतो. पर मग ते लाल काय हाय ते शोधाय पायजे. विम्याच्या डाक्टरला उद्याच बोलवतो, तोंड बगू दे, छाती बगू दे, समदं बगू दे."

"डाक्टर कशाला, अण्णा?"

"मग बोल की बे!"

हात ठेवला त्येनं. लई वेळ ठेवला. दुसऱ्या हातानं सदऱ्याच्या कडंनं तोंड पुसलं. गुन्हेगार पुरावा असाच पुसतो. मला वाटलं आता न्हाय म्हणतो. मग म्हणला,

"खाल्लं, अण्णा. मी पान खाल्लं."

आन भिंतीला टेकून रडायला लागला. असा की माझीच पंचाईत झाली. माणसाला पस्तावा झाला की बोलणं थांबवा, असं घैसासनं सांगिटलंय, म्हणून थांबवलं. जाता जाता एवढंच म्हणलं, "शपथ माझ्याम्होरं झालीया. फुडं कापडावर लाल दिसलं तर यादीतलं नाव मी सोताच्या हातानं खोडीन."

म्हणला, "दिसणार न्हाय, अण्णा."

म्हैनाभर तोंड बगून झालं न्हाय ते लिंगानं एका घटकेत केलं. हे पुण्याच्या पुस्तकात नसणार.

सोमवार, ४ मार्च

ठिपका न्हाय. एक बी न्हाय. घडीखात्याचा माणूस सोता सांगाय आला.

गुरप्पा आता तोंड मिटून असतो. कुणाशी बोलत न्हाय, खूण बी करत न्हाय. मधी मधी साच्याला धरून हुबा राहतो, डोळं मिटतो, आवंढा गिळतो आन परत कामाला लागतो. पानाची तलप मारणं सोपं न्हाय, मला ठावूक हाय. अंगानं उतरलाय, पर यसन सुटताना माणूस उतरतोच.

सकाळचा आ अजून चालूच ठेवलाय. सवय मोडू ने.

घैसासला सांगिटलं. लई खूश. म्हणला, "सिद्धाराम, चौदा तारखेला तुमची केस पहिली. आणि जमलं तर त्या कामगारालाच घेऊन या. त्याच्या तोंडून ऐकू."

गुरुवार, १४ मार्च

लिवायचं म्हणून लिवतो.

माडीवर टेबलाला पांढरी चादर घातली व्हती, आमच्याच मिलची. मोठे सायेब, मास्तर, लेबर ऑफिसर बसले व्हते. म्या सांगिटलं समदं, टावेल, चूळ, शपथ. शपथ म्हणल्यावर मोठे सायेब मास्तरांच्या कानात कायतरी बोलले आन हसले. टाळ्या झाल्या. लालसाबनं वाजवल्या न्हाईत.

गुरप्पाला दाराशी हुबा केला व्हता, धुतलेला सदरा घालून. घैसास म्हणला, "या, या गुरप्पा, घाबरू नका. तुमच्या सुपरवायझरनी तुम्हाला कशी मदत केली, दोन शब्द सांगा."

त्यो टेबलापत्तर आला. माझ्याकडं बगितलं. म्या मान हलवली, बोल म्हणून. त्येनं हात जोडले. तोंड उगडंना. मोठे सायेब म्हणले, "बोला, बोला."

म्या नेहमीसारखं म्हणलं, "आ कर की, गुरप्पा."

समदे हसले. त्येनं तोंड उगडलं. 'अण्णांनी' एवढं म्हणला, खोकला आला, आन चादरीवर लाल पडलं.

मला काय दिसलं ते लिवतो. मला पान दिसलं. मोठ्या सायबांम्होरं, दोन म्हैन्यांच्या मेहनतीवर, शपथ घेऊन वर पान. म्या त्येच्या थोबाडीत मारली. जोरात. "थुंक भायेर!" म्हणलं.

ते थांबंना. दुसऱ्या खोकल्याला त्येच्या सदऱ्यावर, तिसऱ्याला माझ्या हातावर. गरम व्हतं. पान गरम नसतं.

लालसाबनं त्येला खाली पडताना धरला. घैसास टेबलामागं भिंतीला चिकटून हुबा व्हता. कुणीतरी म्हणलं, टीबी. मोठे सायेब रुमाल नाकाला लावून जिना उतरले.

गुरप्पा लालसाबच्या मांडीवर पडला व्हता. खोकल्यातनं मला म्हणला, "कापडावर न्हाय पडलं, अण्णा. चादरीवर पडलं."

शुक्रवार, १५ मार्च

सिव्हिलमदी ठेवलाय. डाक्टर म्हणला, सहा म्हैन्यांपासनं असणार, दोन्ही बाजू गेल्यात. दोन-तीन आठवडे रक्त गिळत व्हता म्हणं. पोटातनं बी तेच निघालं.

मला कसं कळणार? मी काय डाक्टर हाय?

त्येनं सांगाय पायजे व्हतं. त्येच्या बायकोनं सांगाय पायजे व्हतं. दोघं बी माझ्या तोंडावर पान म्हणले. लबाडी त्येंनी केली, आन खात्यात लोक माझ्याकडं बगायलेत. सकाळी भोंगा झाला, सवयीनं म्या डब्बा उचलला. कुणी हसलं न्हाय.

बुधवार, २० मार्च

घैसास पुण्याला गेला. जायच्या आदी मला कोपऱ्यात घेऊन म्हणला, "तुम्ही त्याला कारण विचारलं होतं ना, सिद्धाराम?"

"विचारलं की. पान म्हणला."

"आजारी आहेस का, असं?"

"सायेब, तुमी विचारलं का? तुमी तर टाळ्या वाजवल्या."

गोरा माणूस लाल झाला. सर्टिफिकेट पोस्टानं पाठवतो म्हणला.

युनियननं तक्रार केलीया. थोबाडीत मारली, पाणी तोडलं, खोटी शपथ घ्यायला लावली. मंगळवारी चौकशी हाय. मास्तरांनी घरी बोलवलं. म्हणले, "सिद्धाराम, सरळ गोष्ट हाय. त्येनं लिंगाला हात लावून पान खाल्लं म्हणलं का न्हाय?"

"म्हणलं."

"मग तेवढंच धर. देवाची शपथ कोण खोटी म्हणंल? तू इश्वास ठेवलास, संपलं. ते सोडून एक शब्द इकडं तिकडं बोललास तर मिल तुझ्या मागं न्हाय. सुपरवायझरकी तर जाईलच, जॉबरकी बी जाईल."

त्या जोडीवर धोटा भरलेल्या समद्यांचे छातीचे फोटो काढायलेत. शरणप्पा रांगेत व्हता, मला बगून तोंड फिरवलं. मला बी बोलवलंय. मला काय झालंय? गेलो न्हाय.

रविवार, २४ मार्च

रत्नम्मा आली. दारातच बसली.

म्या म्हणलं, "तिकिटाचं माझ्या हातात न्हाय आता."

"तिकीट नको, अण्णा."

"पैशाचं म्हणशील तर विम्याचं काय ते ऑफिसात—"

"पैसं बी नको."

मग सांगाय लागली. रडली न्हाय, सरळ सांगिटलं. गुरप्पानं गळ्यातलं लिंग काढून ठेवलंय. खोटी शपथ घेतली, आता मला बांधायचा हक न्हाय म्हणतो. पूजा करत न्हाय, तीर्थ घेत न्हाय, औषध बी थुंकतो. डाक्टर म्हणला फार तर दोन दिवस. लिंगाशिवाय मेला तर काय, ते मला सांगायची गरज नव्हती. आमच्यातलं शेंबडं पोर बी ते जाणतं. लिंग हातात दिल्याशिवाय मातीत ठेवत न्हाईत.

"स्वामींना विचारलं," म्हणली. "ते म्हणले, ज्येच्याम्होरं शपथ झाली त्येनं सुटली म्हणलं की सुटती. मग मी परत बांधतो. तुमी दवाखान्यात यायला बी नको. हितंच म्हणा. मी जाऊन सांगती. सुटली म्हणा, अण्णा."

एक शब्द. पोरं गोट्या खेळताना म्हणत्यात त्यो शब्द.

पर सुटली म्हणलं म्हणजे शपथ खोटी व्हती असं झालं. खोटी व्हती आन मला ठावूक हाय, असं झालं. मंगळवारी चौकशी. ही बाई स्वामींना सांगणार, स्वामी मठात सांगणार, युनियनवाले मठातच बसलेले असत्यात. मग मी काय धरू?

म्या म्हणलं, "मंगळवार जाऊ दे. बुधवारी ये."

"बुधवारपत्तर ते न्हाईत, अण्णा."

आतनं नागव्वा म्हणली, "म्हणा की री. काय जातंय तुमचं?"

माझं काय जातंय ते हिला कोण सांगणार.

रत्नम्मा बसून राह्यली. ऊन फिरलं, तिच्या अंगावर आलं, तरी हालली न्हाय. दिवे लागायच्या सुमाराला उठली. पदर झटकला. म्हणली, "टावेल तरी द्या. त्येंचाच हाय."

टावेल खात्यात व्हता. कुठं टाकला ते ध्यानात न्हाय म्हणून सांगिटलं.

मंगळवार, २६ मार्च

चौकशी झाली. लेबर ऑफिसर, युनियनचे दोघं, मास्तर. म्या सांगिटलं, लिंगाला हात लावून पान खाल्लं म्हणला, मी इश्वास ठेवला. युनियनवाला म्हणला, "शपथ खरी होती असं आजही म्हणता?" म्या म्हणलं, "शपथ ती शपथ." आणखी विचारलं, तेच सांगिटलं. लिवून घेतलं, अंगठा नको म्हणलं, सही केली.

थोबाडीत मारल्याबद्दल ताकीद. सुपरवायझरकी राह्यली. मास्तर पाठीवर थापटून म्हणले, आता फुडचं बग.

भायेर लालसाब हुबा व्हता. अन्ना म्हणला न्हाय. म्हणला, "सकाळी गेला. मिट्टी तयार है. त्येची बायको थांबलीया, लिंग हातात धरून बसलीया, त्येच्या हातात ठेवू देत न्हाईत लोकं. स्वामी बी थांबलेत. तुमी अभी बोला, तो अभी बी चलता म्हणत्यात. मेल्यावर बी सुटती म्हणं."

म्या म्हणलं, "माझी पाळी हाय."

"तुमची पाळी संपली," म्हणला, आन गेला.

घरी आलो. नागव्वा तिकडंच गेलीया, दाराला कडी. पायरीवर बसून लिवतोय. शेजारचं पोरगं दोनदा निरोप घेऊन आलं, चला म्हणून. उन्हं कलली. उन्हं कलल्यावर माती देत न्हाईत, म्हणजे आता थोडाच टाइम हाय.

आज सही केली ती सकाळची. संध्याकाळी दुसरं बोलायला मी काय पोर न्हाय.

मी जाणार न्हाय. म्हणणार न्हाय. ह्येच्यावर कुणी काय विचारलं तर सांगणार न्हाय, आन हितं बी लिवणार न्हाय.